गोधडीची चौथी बाजू

नंदानगर, इंदूर
१२ डिसेंबर १९९८

चि. सौ. सुलोचना हिस शैलजाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं खुशाल. थंडी मस्त पडली आहे, बाजारात गराडूचे कंद निघाले आहेत, आणि डॉक्टरनं तळलेलं बंद केल्यापासून तुझे मोठे भावजी गराडूच्या ठेल्यासमोरून रोज दोनदा फिरायला जातात. नुसता वास घेतो म्हणतात. खरं खोटं देव जाणे.

तुझं पत्र परवा मिळालं. मंजिरीचं जमलं हे वाचून इतका आनंद झाला की मी आधी शेजारच्या चौरसियाबाईंना ओरडून सांगितलं आणि मग ह्यांना. ह्यांनी पेपरातून डोकं न काढता नुसतं "अच्छा" म्हटलं. मला रागच आला होता. पण थोड्या वेळानं बघते तर स्वतः जाऊन जलेबी घेऊन आले. पुतणीवर जीव आहे, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

पण अगं, पत्र लिहितेस की तार करतेस? मुलगा देवासचा, नाव नीरज, कारखान्यात सुपरवायझर, झालं! उंची किती? आवाज कसा आहे? मंजिरीशी एकटं बोलला का, आणि बोलला तर काय बोलला? सासू शारदाबाई बोलक्या आहेत की घुम्या? रुखवतात काय काय ठेवणार? मला सगळं सविस्तर हवं. माझं नाक लांब आहे हे तुला नवीन नाही.

आता तू शेवटी जे विचारलंयस ते. लग्नपत्रिकेत वधूपित्याच्या नावामागे "कै." छापायचं का. श्रीपादभाऊंनी मुलाकडच्यांना "मुलीचे वडील वारले" असं सांगूनही टाकलंय, म्हणतेस. तुझा भाऊ माणूस चांगला, पण घाई फार. पांडुरंगभाऊजी घर सोडून गेले त्याला चार वर्षं होऊन गेली, एक चिठ्ठी नाही, हे मलाही कबूल आहे. "पळून गेले" सांगण्यापेक्षा "वारले" सांगणं सोपं, हेही समजतं. पण बाई, एक सांग. कार्डावर कै. आणि तुझ्या कपाळावर कुंकू, हे कसं जमायचं? मांडवात कुंकू पुसून बसणार आहेस? वरती मी "सौ." लिहिलंय ते सवयीनं नाही, मुद्दाम लिहिलंय. तेवढं लक्षात ठेव.

याचं उत्तर देते. पण आधी दुसरंच काहीतरी सांगायचंय, नाहीतर विसरेन.

मागच्या आठवड्यात आम्ही महेश्वरला गेलो होतो, नर्मदेवर. येताना बस मानपुरला थांबली. ड्रायव्हर म्हणाला "दस मिनट", म्हणजे आपला अर्धा तास. हे चहाला गेले. ढाब्यासमोर उन्हात खाटा टाकलेल्या होत्या, आणि एका खाटेवर कोणीतरी डोक्यावरून गोधडी ओढून गाढ झोपलं होतं. गोधडी जाडजूड, चांगली दाट टाक्यांची, आणि तिच्या किनारीला चोची!

आपल्या सासूबाईंच्या चोची गं. कापडाचा छोटा चौकोन घ्यायचा, कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, की त्रिकोण तयार. त्याची एक बाजू बंद आणि एक उघडी. उघड्या बाजूला सासूबाई चोचीचं तोंड म्हणायच्या. पुढच्या चोचीचा कोपरा आधीच्या तोंडात सारायचा, आणि अशी रांगच्या रांग गोधडीच्या कडेला लावून शिवत जायचं. मी या घराबाहेर असली किनार कधी पाहिली नव्हती. आणि ती मानपुरात, हायवेवर, ट्रकवाल्याच्या अंगावर!

तू म्हणशील, दुसऱ्याच्या पांघरुणाशी तुला काय करायचंय. पण मला राहवेना. वाकले, किनार उचलली आणि चोचींची तोंडं बघायला लागले. तोच आतून एक भला दांडगा सरदारजी उठून बसला. "क्या हुआ माताजी? कोई गड्डी पीछे लेनी है?" मी म्हटलं, "नहीं भैयाजी, आप सोते रहो, मैं तो बस सिलाई देख रही हूँ." तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. ह्यांनी हे लांबून पाहिलं. इंदूरपर्यंत माझ्यापासून दोन सीटा सोडून बसले.

आता मुद्दा. त्या चोचींची तोंडं सगळी डावीकडे होती.

सासूबाई डावखुऱ्या, म्हणून त्यांच्या चोची डावीकडे उघडायच्या. आपल्या दोघींना त्यांनी किती वेळा समोर बसवून शिकवलं, आठवतं? माझ्या आणि तुझ्या चोची मेल्या उजवीकडेच जायच्या. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघी पोळ्याच करा."

मग मला प्रश्न पडला. घरी आल्याबरोबर मी पेटी उघडली आणि तू मला दिलेली गोधडी काढली, ती निळी, भाऊजींची कापडाची मिल बंद झाल्यावर तू घरी शिवणकाम सुरू केलंस तेव्हाची. नंदानगरात कौतुक झालं होतं तुझं. बायका लांबून ऑर्डर द्यायला यायच्या. ती गोधडी मी उन्हात पसरली आणि चारी बाजूंनी फिरले. सुलू, तिची तोंडंसुद्धा डावीकडे आहेत. आणि अगदी शेवटची चोच उलटी आहे, कापडाची आतली फिकट बाजू वर. इतकी वर्षं मी ती चूक समजत होते. सरदारजीच्या गोधडीलाही शेवटची चोच उलटीच होती.

मग आता खरं सांग. माझी निळी गोधडी कोणी शिवली?

आणि ती दुसरी, लाल-पिवळ्या तुकड्यांची, जिच्या तीनच बाजूंना किनार झाली होती, ती अजून आहे का तुझ्याकडे? मंजिरीच्या रुखवतात शोभेल म्हणून विचारते. (म्हणून नाही. पण सांग.)

तोवर पत्रिका छापायला टाकू नकोस. का ते विचारू नकोस, विचारायचं खातं माझ्याकडे आहे.

मंजिरीला माझा गोड पापा.

तुझी जाऊ,
शैलजा


नंदानगर, इंदूर
५ जानेवारी १९९९

चि. सौ. सुलोचना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फटकाच होता. "हो, यांनीच शिवली. सगळ्या यांनीच शिवल्या. आता ते उकरून काय मिळणार? लाल गोधडी ट्रंकेत आहे. प्रेसवाला घाई करतोय, कै.चं काय ते सांगा." इतकंच. तुझा राग मला कागदावरसुद्धा ऐकू येतो. पण रागावलीस तरी खरं बोललीस, म्हणून मीही खरं सांगते. सावकाश वाच. उभ्यानं वाचत असशील तर बस.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली होती. त्या सरदारजीला मी विचारलं होतं, गोधडी कुठून घेतली म्हणून. तो म्हणाला, "यहीं से, दादा से." कुठले दादा, ते विचारणार तेवढ्यात आमच्या बसनं हॉर्न दिला. तुला खोटी आशा लावायची नव्हती म्हणून लिहिलं नाही. आणि आधी तुझ्याकडून ऐकायचं होतं, की तुझ्या घरात डावीकडे तोंड करणारे हात कोणाचे.

तुझं उत्तर आलं तसं मी ह्यांना म्हटलं, मानपुरला जायचं. हे म्हणाले, "मानपुरात गोधड्या शिवणारे पन्नास असतील." मी म्हटलं, "डावखुऱ्या आईकडून शिकलेले?" ह्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "लहानपणी पांडू आजारी असायचा, आईजवळच बसून असायचा. मी खेळायला जायचो." आणि उठून चपला घालायला लागले. स्वेटरसुद्धा उलटा घातला होता, तो मी बसमध्ये सरळ करायला लावला.

मानपुरात उतरून मी पहिल्याच चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गोदड़ीवाले दादा? वो रहे, पंचरवाले के पीछे." इतकं सोपं होतं बघ. चार वर्षं आपण नाशिकला विचारलं, सुरतला विचारलं, ज्योतिष्याला विचारलं, आणि माणूस महूच्या पुढे, बसनं जेमतेम दोन तासांवर.

टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे. बाहेर पाटी रंगवलेली: "पांडुरंग दादा गोदड़ीवाले. हाथ की सिलाई." नाव आधी, धंदा नंतर. मी ती पाटी दोनदा वाचली. ह्यांनीही वाचली.

सुलू, भाऊजी जिवंत आहेत. धडधाकट आहेत. थोडे वाळलेत, चष्मा लागलाय, केस विरळ झालेत. जमिनीवर गोधडी पसरून किनारीला चोची लावत बसले होते. मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि सुई तशीच हातात. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते! खडसावायचं होतं, रडायचं होतं. आणि ह्यांनी काय विचारलं माहितीय? "जेवलास का?" तर भाऊजी म्हणाले, "अजून नाही, दादा." मग तिघं ढाब्यावर गेलो आणि दाल-बाफले खाल्ले. तुझे मोठे भावजी ताटात बघून जेवत होते आणि डोळे पुसत होते. मी म्हटलं मिरची तिखट आहे का, तर म्हणाले, "हओ, बहुत."

शेडमध्ये परत आलो, भाऊजी पुन्हा शिवायला बसले, मग प्रश्न मी विचारले. दुसरं कोण विचारणार?

गेलात कुठे? मिल बंद झाल्यावर आधी सांवेर रोडवर पॅकिंगच्या कामाला लागले होते, ते तुलाही माहीत आहे. तिथे जमलं नाही, म्हणून घरी बसून शिवायला लागले. घरातून निघाले ते एका ट्रकवाल्याबरोबर, कुठे जायचं काही ठरवलं नव्हतं. मानपुरात उतरले. ट्रकवाल्याची फाटकी गोधडी शिवून दिली, ती बघून दुसऱ्यानं दिली. आता मद्रासपर्यंतचे ड्रायव्हर ऑर्डर देऊन जातात. बाजारात ते मऊ-मऊ चमकणारे कंबल आलेत ना, ते म्हणे ट्रकमध्ये टिकत नाहीत, गोधडीच लागते.

एक चोच उलटी का लावता? तर म्हणाले, मिलमध्ये ते फोल्डिंग खात्यात होते, थानाची, म्हणजे कापडाच्या अख्ख्या ताग्याची, घडी घालायचं काम. थान संपलं की शेवटचं टोक उलटं दुमडायचं, मिलचा छाप वर दिसेल असं. छाप वर आला म्हणजे काम पुरं झालं. ती सवय हाताला लागलेली. "छाप नाही, वहिनी, पण टोक उलटवल्याशिवाय मला संपल्यासारखं वाटत नाही." मी इतकी वर्षं तिला चूक म्हणत होते!

पत्र का नाही लिहिलंत? यावर आधी चार टाके घातले. मग म्हणाले, "लिहिलं असतं तर काय करतो ते लिहावं लागलं असतं."

आता पुढचं तुला लागेल, पण लिहिते. म्हणाले, "सुलोचना वाईट वागली नाही. दार वाजलं की माझ्या मांडीवरची गोधडी ओढून स्वतःच्या मांडीवर घ्यायची आणि माझ्या हातात पेपर द्यायची. मी पेपर धरून बसायचो. बायका म्हणायच्या, काय हात आहे हो तुमचा, आणि ती हसायची. मी तेच पान परत परत वाचायचो. एकदा पेपर उलटा होता, एका बाईनं तो मला सुलटा करून दिला." आणि हसले गं. मला मात्र हसू येईना. "मिलमधून निघालेल्या थानावर मिलचं नाव. घरातून निघालेल्या गोधडीवर हिचं. म्हटलं, आपलं नाव कशावर आहे ते कुठेतरी जाऊन बघावं." असं म्हणाले आणि पाणी प्यायले.

अजून एक. दर अनंत चतुर्दशीला ते इंदूरला येतात! मिल बंद झाली तरी विसर्जनाच्या मिरवणुकीत मिलची झांकी, रोषणाईचा देखावा, निघतो, तो बघायला. गर्दीत उभे राहतात आणि रातोरात परत जातात. माझा विश्वास बसेना, तर म्हणाले, "मागच्या वर्षी तुम्ही हिरवी साडी नेसला होतात आणि दादांना ढकलून पुढे आला होतात." मी ढकललंच होतं. आम्ही पुढे बघत राहिलो आणि माणूस मागे उभा होता.

मग मंजिरीचं सांगितलं. देवास, नीरज, सगळं. त्यांचे हात थांबले. माझ्यासारखेच प्रश्न विचारायला लागले, उंची किती, स्वभाव कसा, मंजिरीला पसंत आहे का? मला एकाचंही उत्तर देता येईना, कारण तू लिहिलंच नाहीस! मग हळूच विचारलं, "पत्रिकेत माझं काय?" मला खोटं बोलता येत नाही. सांगितलं कै.चं. तर म्हणाले, "मग राहू दे तसंच. मेलेल्या माणसाला कोणी विचारत नाही काय काम करतो म्हणून. आणि तिला काही सांगू नका."

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला माहीत नाही का?" तर म्हणाले, "माहीत आहे." आणि खाली बघून सुईत दोरा ओवायला लागले. आता याचा अर्थ काय घ्यायचा ते तू ठरव. मी तर लगेच पत्र लिहायला बसले.

मी तुला हे कर, ते कर सांगणार नाही. राग तुझा खरा आहे. चार वर्षं तू भावाच्या घरी, पोरीला घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याची बोलणी खात काढलीस, आणि हे बसलेत पंचरवाल्याच्या मागे! मला स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. पण सुलू, कै. घालू नकोस. काही झालं तरी घालू नकोस. ज्याच्या ताटातला अर्धा बाफला मी परवा खाल्लाय, त्याच्या नावामागे मला ते वाचवणार नाही.

तिळगूळ श्रीपादभाऊंच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतेय. मंजिरीला काय आणि किती सांगायचं ते तू बघ. शारदाबाईंना काय सांगायचं तेही. आणि मला मात्र सगळं कळव, एक शब्द गाळू नकोस.

तुझीच,
शैलजा


बऱ्हाणपूर
१७ जानेवारी १९९९

मायना काय लिहावा ते सुचलं नाही. तुम्हाला आजवर पत्र लिहायची वेळच आली नव्हती. घरातच होतात. मग गेलात, तेव्हा पत्ता नव्हता.

वहिनींचं पत्र वाचून मी रडले वगैरे नाही. स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे खाली काढले आणि घासले. मंजिरी म्हणाली, आई, कालच घासलेत. मग तिला पत्र दिलं वाचायला. ती रडली.

पाहुण्यांसमोर मी गोधडी ओढून घ्यायचे, ते खरं आहे. पेपर द्यायचे तेही खरं. मिल बंद झाल्यावर घरी बसलेल्या पुरुषांना गल्लीत काय काय म्हणत होते ते मी नळावर ऐकत होते. तुम्हाला कोणी हसलेलं मला बघवलं नसतं. मला वाटायचं, तुम्हाला ते कळतं. तुम्हाला कळत नव्हतं आणि मी विचारलं नाही. पण त्यासाठी माणूस भांडतो, ताट ढकलतो, दोन दिवस अबोला धरतो. चार वर्षं नाहीसा होत नाही. मंजिरीच्या दहावीला नव्हतात, तिला टायफॉइड झाला तेव्हा नव्हतात. याचा राग माझा आहे, तो मी या पत्रात संपवणार नाही. समोर बसून काढणार आहे.

देवासला मी स्वतः गेले होते. श्रीपाद नको म्हणत होता. शारदाबाईंना सांगितलं, मुलीचे वडील आहेत, मानपुरला असतात, गोधड्या शिवतात. भावानं तुम्हाला खोटं सांगितलं, त्याची माफी मागते. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, मोडलं. मग म्हणाल्या, "मांडवात येणार का?" मी म्हटलं, विचारून सांगते. नीरज उंच आहे. आवाज हळू आहे. चहा बिनसाखरेचा घेतो. मंजिरीला पसंत आहे. वहिनींनाही हेच कळवतेय, नाहीतर त्या स्वतः देवासला जातील.

पत्रिका काल छापून आल्या. एक आत ठेवलीय. बघून घ्या, कै. नाही. "श्री. पांडुरंग गणपत सोनटक्के यांची कन्या" असं आहे.

आता सोबतच्या गाठोड्याबद्दल. लाल-पिवळी गोधडी आहे, तुम्ही टाकून गेलात ती. तीन बाजू झाल्या आहेत, चौथी कोरी आहे. मागच्या महिन्यात मी ती पुरी करायला बसले होते, रुखवतासाठी. मला येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तरी बसले. माझ्या चोची उजवीकडे जातात. कोपऱ्यावर तुमची आणि माझी तोंडं समोरासमोर आली, भांडायला उभी राहिल्यासारखी. मंजिरी बघून हसली, मग मलाही हसू आलं. माझ्या सगळ्या उसवून टाकल्या. कापडाचे चौकोन कापून आत ठेवलेत, माझ्या लग्नातल्या जरीच्या साडीचे आहेत. ती फाटलीच होती.

रुखवतात प्रत्येक वस्तूवर कोणी केली त्याची चिठ्ठी लावतात. लाडवांवर मामीची, विणलेल्या पडद्यावर मंजिरीची. गोधडीची चिठ्ठी मी आधीच लिहून ठेवलीय. मंजिरीनं मोठ्या अक्षरात काढलीय, लांबून वाचता येईल अशी: "वधूपिता श्री. पांडुरंग सोनटक्के यांनी स्वतःच्या हातांनी शिवलेली." सगळं देवास आणि सगळं बऱ्हाणपूर वाचेल. कोणाला हसायचं असेल तर हसू दे, मी तिथेच उभी राहणार आहे.

गाठोडं श्रीपादच्या हाती पाठवतेय. त्यानंच तुम्हाला मारलं होतं, त्यानंच तुमच्या दारात यावं. घाबरलाय बिचारा, त्याला चहा द्या. पाकिटावर तुमच्या पाटीवरचंच नाव घातलंय.

तुम्हीच मला सांगितलं होतंत, शेवटचं टोक उलटवल्याशिवाय काम संपत नाही. मी परवा गोधडी सगळीकडून तपासली. उलटी चोच कुठेच नाही.

लग्न माघ वद्य पंचमीचं. रुखवत आदल्या दिवशी मांडणार. तोवर चौथी बाजू पुरी करून तुम्ही घेऊन या. दुसऱ्याच्या हाती पाठवलीत किंवा पोस्टानं आली तर मी ती घेणार नाही, चिठ्ठी नुसतीच रिकाम्या पाटावर ठेवीन.

तुमची,
सौ. सुलोचना पांडुरंग सोनटक्के